पुळणीवरच्या शर्यतीला जॉकीसारखे कपडे शिवायचेत? आधी आतलं बघा, मग रंग

मुरूडकडच्या एका गावातून विचारणा आलीय. जत्रेला पुळणीवर घोड्यांची शर्यत ठेवतायत, आठ घोडे आणि आठ पोरं, रेसकोर्सवर जॉकी घालतात तसे चमकदार ड्रेस सगळ्यांना शिवायचे आहेत, तर कापड कुठलं घ्यावं, किती मीटर लागेल, ते रंग आणि चांदण्या कोण ठरवतं, आणि गावातला शर्ट-पँट शिवणारा टेलर हे करू शकेल का, असं त्यांनी विचारलंय. मी सव्वीस वर्षं मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सच्या बाजूला जॉकींचे कपडे शिवायचंच काम केलं, पावसाळ्यात सीझन पुण्याला गेला की मशीन घेऊन पुण्याला, नोव्हेंबरला परत मुंबई, आणि आता चौलला घरीच असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण हे नुसतं कापडाचं काम नाही, त्यात पोरांचा जीव आहे.

पहिली गोष्ट समजून घ्या. जॉकीच्या अंगावर जो रंगीत शर्ट दिसतो ना, तो त्याचा नसतो. तो घोड्याच्या मालकाचा असतो. रेसकोर्सवर त्याला कलर्स म्हणतात, जुनी माणसं सिल्क म्हणतात कारण पूर्वी खरंच रेशमाचे असायचे. एक जॉकी दिवसात पाच-सहा रेस धावला तर पाच-सहा वेळा शर्ट बदलतो, कारण प्रत्येक घोड्याचा मालक वेगळा. जॉकी रूममध्ये खुंट्यांवर ओळीने लावलेले असतात, टोपीवरचं कव्हर पण त्याच्याच जोडीला. दोन रेसच्या मधे अर्धा तास, त्यात वजन करायचं, कपडे बदलायचे, पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसच्या आधी घोडे फिरवतात त्या आवारात जायचं, म्हणून कपडा असा पाहिजे की दहा सेकंदात अंगात जाईल आणि दहा सेकंदात निघेल.

मी नवीन होतो तेव्हा एक सीनियर जॉकी फिटिंगला यायचा. मी मोठ्या हौसेने शर्ट त्याच्यासमोर धरायचो, छातीवरचा पट्टा बघा, टोकं कशी जुळलीत बघा. तो बघायचाच नाही. शर्ट हातात घ्यायचा, उलटा करायचा आणि डोळे दुसरीकडे ठेवून अंगठ्याने आतली शिवण चाचपत जायचा, बगलेपासून कमरेपर्यंत, मग कॉलरची आतली बाजू, मग कफ. कुठे दोऱ्याची गाठ लागली की तिथेच थांबायचा आणि नुसता माझ्याकडे बघायचा. बाहेरचा रंग मालकाचा, आतली बाजू त्याची. तेव्हापासून मी कुठलाही रायडिंगचा कपडा आतून बाहेर असा शिवत आलो आणि तुम्हाला पण तेच सांगतोय, तुमचे पैसे आधी पोराच्या अंगाला जे लागतं त्याच्यावर घाला आणि उरतील त्यात चमक आणा.

म्हणून ड्रेसच्या आधी हेल्मेट. मोटरसायकलचं चालत नाही, ते जड असतं, मान वाकवून बसलं की मागून मानेवर आपटतं आणि बाजूचं दिसत नाही. क्रिकेटचं पण नाही, ते बॉलसाठी बनवलेलं असतं, घोड्यावरून पडण्यासाठी नाही. घोडेस्वारीचंच हेल्मेट घ्या, आत एएसटीएम एफ ११६३ असं स्टँडर्ड छापलेलं असतं ते बघून घ्या. रेसिंगच्या हेल्मेटला पुढे कडक छज्जा नसतो, गोल गुळगुळीत कवटी असते, कारण तोंडावर पडलं तर कडक छज्जा जमिनीत रुततो आणि मानेला झटका बसतो. फोटोत तुम्हाला जी टोपी दिसते, वर गोंडा आणि पुढे छोटा छज्जा, ते फक्त कापडाचं कव्हर आहे. कव्हरचा छज्जा मऊच ठेवायचा, आत पुठ्ठा घालू नका, आणि कव्हरचं इलॅस्टिक हनुवटीच्या पट्ट्याखाली अडकणार नाही असं शिवा. हेल्मेटवर रंग मारू नका, स्टिकर लावू नका, भोक पाडू नका. आणि एकदा हेल्मेट घालून कोणी डोक्यावर पडला की ते हेल्मेट बाद, बाहेरून कितीही नवं दिसत असलं तरी, कारण आतलं थर्मोकोलसारखं अस्तर एकदाच दबतं.

दुसरं, पाय. इथे मी जे डोळ्यांनी बघितलंय ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या इकडे पुळणीवर पोरं घोडे पळवत होती, शर्यत वगैरे नव्हती, नुसती संध्याकाळची मजा. एकाच्या पायात जाड सोलचे स्पोर्ट शूज होते, लेस सुटलेली. घोडा लाटेला बिचकला, पोरगा बाजूला कलंडला आणि बूट रिकिबीत अडकला. ओल्या वाळूवरून पंचवीस-तीस पावलं तो फरफटत गेला, घोडा पुढे मऊ वाळूत थांबला म्हणून वाचला. कोपरापासून खांद्यापर्यंत कातडी सोलवटली होती आणि त्यात खारं पाणी, त्याचं ओरडणं अजून कानात आहे. जॉकीचा बूट बघा, गुडघ्याखालपर्यंत पातळ चामड्याचा किंवा रेक्झिनचा, सोल एकदम सपाट गुळगुळीत, छोटीशी टाच आणि लेस नाही. टाच असते म्हणून पाय रिकिबीतून आरपार पुढे सरकत नाही आणि सोल गुळगुळीत असतो म्हणून पडताना पाय चटकन निघतो. तुम्हाला रेसचे बूट परवडणार नसतील तर टाच असलेले, बिनलेसचे, गुळगुळीत सोलचे साधे चामड्याचे बूट घ्या, वर पोटरीला कापडी पट्टी बांधा, चालेल. स्पोर्ट शूज नको म्हणजे नको. अनवाणी पण नको.

तिसरं, छातीचं जॅकेट. बॉडी प्रोटेक्टर म्हणतात, फोमचे चौकोनी तुकडे जोडून बनवलेलं असतं म्हणजे अंगाबरोबर वाकतं. रेसचं वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास असतं, ते शर्टाच्या आत घालतात म्हणून फोटोत दिसत नाही आणि लोकांना वाटतं जॉकी नुसता शर्टावर धावतो. आठ पोरांना आठ घेणं खर्चिक आहे हे मला कळतंय. पण मग हीट पाडा, चार-चार घोडे दोन वेळा पळवा, चार जॅकेट आणि चार हेल्मेट घ्या. शर्यत दुप्पट वेळ चालेल, लोकांना बघायला पण जास्त मिळेल. फक्त आठही पोरांना आधी घालून बघा, ज्याला ढिलं होतं त्याच्या मापाचं वेगळं आणावंच लागेल. घोड्यांची परवानगी, डॉक्टर, अँब्युलन्स हे तुम्ही बघितलंच असेल, नसेल तर कापड घ्यायच्या आधी ते करा.

आता शिवणाकडे येतो. तुमचा टेलर शर्ट शिवतो ना, मग त्याला हे जमेल, फक्त माप घ्यायची पद्धत बदलायला लागेल. माणूस उभा करून माप घेतलं तर शर्ट फुकट. जॉकी उभा नसतोच. पूर्वी जॉकी लांब रिकिबीवर ताठ बसायचे, मग १८९७ मध्ये टॉड स्लोन नावाचा अमेरिकन जॉकी इंग्लंडला गेला आणि आखूड रिकिबीवर घोड्याच्या मानेवर वाकून पळवायला लागला. लोक आधी हसले, मग तो जिंकायला लागला तसे सगळे तसेच बसायला लागले, आणि आज जगभर जॉकी असाच वाकलेला असतो. म्हणजे पाठ लांब, पोट आखूड, हात पुढे ताणलेले. पोराला प्रोटेक्टर घालून लाकडी बाकड्यावर घोड्यासारखा बसवा, हातात दोरी द्या, दोरीचं दुसरं टोक कोणीतरी पुढे धरा, मग त्याला वाकवा. आता मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत टेप लावा. उभ्या मापापेक्षा तीन-चार इंच सहज वाढलेले दिसतील, तेवढी पाठ लांब पाहिजे, नाहीतर दोनशे मीटरमध्ये शर्ट पँटीतून निघून पाठीवर फुगतो, आणि फुगलेला शर्ट म्हणजे पाठीवर छत्री बांधून पळण्यासारखं आहे. बाहीची लांबी पण तशीच, हात पुढे ताणलेला असताना मनगटाच्या हाडापर्यंत. मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, खोल कापू नका. टेलर लोकांना वाटतं खोल मुंढा म्हणजे मोकळा हात, पण होतं उलटंच, हात पुढे गेला की सगळा शर्ट वर ओढला जातो. मुंढा बगलेजवळ ठेवा आणि बगलेत हाताच्या पंजाएवढी चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा घाला, हात कुठेही जाऊ दे शर्ट जागचा हलत नाही.

पुढे बटणं नको, वाकल्यावर टोचतात. चेन किंवा वेल्क्रो. वेल्क्रो असेल तर काटेरी बाजू बाहेरच्या अंगाला तोंड करून लावा, आतल्या बाजूला नको, घामाने भिजलेल्या गळ्याला ती कानसीसारखी घासते. कॉलर उभी, दीड इंचाची, बस. जुन्या काळी गळ्याला पांढरा स्टॉक, म्हणजे कापडाची लांब पट्टी बांधायचे, तुम्हाला लुक पाहिजे तर कॉलरवरच पांढरी पट्टी शिवून टाका. कफला इलॅस्टिक, पण आत एक बोट आरामात जाईल इतकं सैल, घट्ट असलं की हात बधिर होतो आणि लगाम कळत नाही.

कापड. खरं रेशीम विसरा, आपल्या खाऱ्या दमट हवेत एका पावसाळ्यात त्याला बुरशी धरते आणि घामाने ते कुजतं. रेसकोर्सवर पण आता सगळं नायलॉन, पॉलिस्टर, नाहीतर अंगाला चिकटणारं लायक्रा. जत्रेसाठी तुम्ही हलकं पॉली सॅटिन घ्या, अस्तराच्या दुकानात मिळतं, ४४ इंच पन्हा असेल तर एका शर्ट-कव्हरला सव्वादोन मीटर धरा, वरच्या डिझाइनचा दुसरा रंग अर्धा-पाऊण मीटर. पॅराशूट किंवा छत्रीचं कापड पण चालतं, जास्त टिकतं, पण त्यात हवा खेळत नाही आणि आपल्या उकाड्यात पोरं उकडून निघतील. सॅटिन कापताना घसरतं, म्हणून खाली वर्तमानपत्र घालून कागदासकट कापा. टाचण्या शिवणीच्या बाहेर सोडलेल्या कडेतच लावा, मधे लावल्या तर भोक राहतं. सुई नवी आणि बारीक, ११ नंबरची, जुन्या सुईने धागे ओढले जातात. शिवण उलटसुलट दुहेरी घाला म्हणजे कापडाची कड आत बंद होते, ओव्हरलॉकचा दोरा अंगाला लागत नाही, आणि शेवटी तो अंगठ्याने चाचपायचा प्रकार स्वतः करा.

कापड घेण्याआधी एक टेस्ट. लाल किंवा निळ्या कापडाचा तुकडा ओला करा, पांढऱ्या कापडावर ठेवा आणि गरम इस्त्री दाबा. पांढऱ्यावर जरा जरी रंग उतरला तरी ते कापड परत द्या. हे मी किंमत मोजून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत पांढऱ्या शर्टावर लाल चांदण्या शिवल्या होत्या, पुण्याला रेसच्या वेळी पावसाची सर आली आणि घोडा परत आला तेव्हा जॉकीची छाती गुलाबी. मालकाने सगळ्यांसमोर शर्ट माझ्या हातात दिला आणि एक शब्द बोलला नाही. घरी आलो, रात्रभर झोप नाही, दुसऱ्या दिवशी नवीन शिवून नेऊन दिला. त्यानंतर एकही कापड टेस्टशिवाय कापलं नाही.

पँट. पांढरी ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीची अंगाबरोबरची पँट, पातळ नायलॉनची, हा रिवाज. त्यात एकच गोष्ट महत्त्वाची, साध्या पँटीची आतली शिवण मांडीपासून घोट्यापर्यंत जाते आणि ती बरोबर तिथेच येते जिथे गुडघा आणि पोटरी खोगिराला घासते. ब्रीचेसमध्ये गुडघ्याच्या आत शिवण येऊ द्यायची नाही, आतल्या बाजूला एक सलग तुकडा घालायचा आणि जोड बाहेर किंवा मागे न्यायचा. शिवण तिथे ठेवली तर एका शर्यतीत काही होणार नाही पण आठवडाभर सराव केला की कातडी जाते. आसनाला जास्त कापड द्या, वाकल्यावर पँट तिथेच उसवते. आणि तुमची शर्यत पाण्याच्या कडेने आहे हे लक्षात ठेवा, पांढरं पातळ नायलॉन भिजलं की पूर्ण आरपार दिसतं, म्हणून आसन आणि मांडीला दुहेरी कापड आणि आत अंगाबरोबरची चड्डी. जॉकी लोक थंडीत आत बायकांचे पातळ स्टॉकिंग घालतात, घर्षण कमी होतं आणि वजन जवळजवळ नाही. आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही पण घासण्याचा आहे, पोरं लाजली नाहीत तर वापरून बघा.

वजनाचं तुम्हाला एवढं नाही, पण का एवढं पातळ पातळ करतात ते सांगतो. रेसच्या आधी जॉकी खोगीर घेऊन काट्यावर जातो आणि रेस झाल्यावर परत जातो. घोड्याने किती वजन वाहायचं ते ठरलेलं असतं, कमी पडलं तर खोगिराजवळच्या कापडात शिसं भरतात, पण जास्त झालं तर काढणार कुठून, अंगातूनच. बिचारे जेवत नाहीत, गरम वाफेत बसून घाम काढतात. म्हणून शर्टात, बुटात, पँटीत ग्रॅम-ग्रॅम वाचवायचे, म्हणजे पोटात एक घास जास्त जाईल. मी एका जॉकीच्या शर्टाची दुहेरी कॉलर काढून एकेरी केली होती, किती वाचलं असेल, दहा ग्रॅम, पण त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघून मला माझ्या कामाचं मोल कळलं.

आता रंग, जे तुम्ही विचारलं होतं. हे शोभेसाठी सुरू झालं नाही. घोडे एकगठ्ठा येतात, कोण पुढे आहे कळत नाही आणि भांडणं होतात, म्हणून इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या जॉकी क्लबने १७६२ मध्ये मालकांना आपापला रंग नक्की करायला लावला. १९ जणांनी रंग लिहून दिले. त्यातला डेव्हनशायरच्या ड्यूकचा पेंढ्यासारखा पिवळट रंग आजही त्या घराण्याकडे आहे. तिथे आता १८ ठरावीक रंग आहेत, आणि अंगावर, बाहीवर, टोपीवर कुठली डिझाइन चालतात ते पण ठरलेलं आहे. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचे कलर्स खूप जणांनी जुन्या फोटोत बघितले असतील, जांभळं अंग, सोनेरी गोफ, लालभडक बाह्या आणि काळी मखमली टोपी. एका मालकाचे दोन घोडे एकाच रेसमध्ये असले तर शर्ट सारखाच राहतो, दुसऱ्याची टोपी बदलतात. जपानमध्ये अजून सोपं करून ठेवलंय, शर्ट मालकाचा पण टोपीचा रंग घोडा सुटायच्या गेटच्या गटावरून, १ पांढरी, २ काळी, ३ लाल, ४ निळी, ५ पिवळी, ६ हिरवी, ७ केशरी, ८ गुलाबी. तुमचे घोडे आठ आहेत, हेच उचला. शर्ट ज्याच्या त्याच्या आळीचा किंवा मालकाचा आणि टोपी नंबरची, माइकवर बोलणाऱ्याला पण सोपं.

शर्टाचा रंग चिठ्ठ्या टाकून द्या. मी अनुभवाने सांगतो, भगवा सगळ्यांना हवा असतो आणि त्यावरून शर्यतीच्या आधीच मनं दुखावतात. डिझाइन मोठं ठेवा. छातीवर एक आडवा रुंद पट्टा, किंवा खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका पट्टा, किंवा अर्धं अंग एका रंगाचं अर्धं दुसऱ्या, किंवा मोठी फुली. बारीक ठिपके, बारीक चौकडा दुकानात छान दिसतो पण दोनशे मीटरवरून लाल-पांढरा चौकडा नुसता गुलाबी दिसतो आणि निळा-पिवळा मळकट होतो. वाळूचा रंग, करडा आणि फिका निळा पूर्ण टाळा, मागे समुद्र आणि खाली पुळण, घोडा एकटाच पळतोय असं वाटेल.

आणि हे कोणी सांगणार नाही म्हणून सांगतो. तुमच्या पत्रकात शर्यत संध्याकाळी पाचला लिहिलीय. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला. लोक आणि पंच जमिनीच्या बाजूला उभे राहणार, घोडे पाण्याच्या कडेने पळणार आणि सूर्य बरोबर त्यांच्या मागे. तेव्हा सगळे रंग काळे दिसतात. लाल नाही, पिवळा नाही, आठ काळ्या सावल्या. एवढे ड्रेस शिवून काय उपयोग. सकाळी ठेवा, ऊन लोकांच्या पाठीकडून येऊन थेट पोरांच्या अंगावर पडतं आणि सॅटिन असं झळकतं की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला पण आपला नातू ओळखू येईल. भरती-ओहोटीचं कॅलेंडर बघून सकाळची ओहोटी असेल तो दिवस धरा, ओली घट्ट वाळू घोड्याच्या पायाला पण बरी. जत्रेचा दिवस बदलता येत नसेल तर पंचांना पाण्याच्या बाजूला मचाण बांधून उभं करा, पाठ सूर्याकडे.

गॉगल विसरू नका. मागच्या घोड्यावरच्या पोराच्या डोळ्यात पुढच्याच्या टापांची ओली वाळू गोळीसारखी येते. जॉकी चिखलात एकावर एक दोन-तीन गॉगल चढवतात, वरचा भरला की एका बोटाने खाली गळ्यात ओढतात, खालचा स्वच्छ तयार. साधे प्लास्टिकचे इलॅस्टिकवाले गॉगल पोराला दोन, एवढे घ्या, काचेचा चश्मा कोणालाही घालू देऊ नका.

आमच्या चौलच्या बंदरात एके काळी अरबस्तानातून जहाजं भरून घोडे उतरायचे, दाभोळला पण. त्याच किनाऱ्यावर आपली पोरं घोडे पळवणार याचा मला खरंच आनंद आहे, म्हणून शर्ट, टोपीचं कव्हर आणि ब्रीचेसचे कागदी पॅटर्न तीन मापात कापून देतो, पैसे नकोत. तुमच्या टेलरला घेऊन या, आणि येताना कमीत कमी दोन पोरं आणि एक बॉडी प्रोटेक्टर बरोबर आणा, एक शर्ट माझ्यासमोर पूर्ण शिवू, बाकीचे तो बघून करेल. शर्यतीच्या आधी निदान महिनाभर हातात ठेवा, कारण नवीन ड्रेस घालून दोन-तीन वेळा सराव झाला पाहिजे, कुठे घासतं ते तेव्हाच कळतं. शर्यत संपली की त्याच संध्याकाळी सगळे कपडे गोड्या पाण्यातून दोनदा काढा, पिळू नका, सावलीत वाळत घाला. खारं पाणी तसंच सुकलं तर चेन गंजते आणि पुढच्या जत्रेला उघडत नाही.